एकेचाळीस मतांचा तपास

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांवर उचललेले कोयते पाहिले. पण माझा धीर खऱ्या अर्थाने संपवला तो एका अशा प्रकरणाने, ज्यात ना रक्त सांडलं, ना कुणाच्या घरातली वस्तू गेली. गेलं होतं ते नळाचं पाणी. आणि ते गेलं होतं महापालिकेच्या निवडणुकीच्या निकालामुळे.

मी तेव्हा लालबाग-परळ भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. निवडणूक म्हणजे पोलिसाच्या दृष्टीने काय असतं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. तीन आठवडे सगळ्यांच्या रजा बंद. सभांचे बंदोबस्त, मिरवणुकींचे बंदोबस्त, मतदान केंद्रांचे बंदोबस्त, मग मतमोजणीचा बंदोबस्त. निकालानंतर गुलालाने लाल झालेल्या गाड्या धुऊन होईपर्यंत आम्ही माणसात येत नाही. निकालाच्या तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा खुर्चीत बसून गरम चहा प्यायला घेतला होता, आणि तेवढ्यात पाच माणसं केबिनमध्ये शिरली.

ठाण्यापासून दहा मिनिटांवर एक मोठी चाळ होती. चार मजले, दीडशेच्या वर खोल्या. ही पाच माणसं तिथल्या कमिटीची होती. पुढे होते ते अध्यक्ष, मूळचे मालवणकडचे, साठीचे, आवाज असा की गणपतीच्या दिवसांत माइकची गरज पडू नये. त्यांच्या मागे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले, हातात प्लॅस्टिकची फाईल. बाकीचे तिघं सभासद नुसती मान हलवायला आले होते.

"साहेब, गुन्हा दाखल करायचा आहे," अध्यक्ष म्हणाले. "एकेचाळीस जणांवर. फसवणुकीचा."

मी पेन काढलं. एकेचाळीस म्हणजे मोठा मामला. "कोण आहेत हे लोक?"

"तेच तर शोधायचंय. तुम्ही शोधा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चाळीच्या पुनर्विकासाची फाईल कुठेतरी अडकून पडली होती. एका उमेदवाराने सांगितलं की मी निवडून आलो तर फाईल हलवतो, तुम्ही मला चाळीतली सगळी मतं एकगठ्ठा द्या. कमिटीने शब्द दिला. तो पाळला जावा म्हणून चाळीच्या अंगणातल्या छोट्या देवळासमोर पाटावर नारळ ठेवला, आणि प्रत्येक घरच्या कर्त्याने नारळाला हात लावून "शब्द आहे" असं म्हणायचं, असं ठरलं. पूर्वी गिरणीच्या संपात असंच करायचे, असं अध्यक्षांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

चाळ एवढी मोठी की एक अख्खं मतदान यंत्र तिच्याच वाट्याला येतं. मतमोजणीत प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे वाचले जातात आणि उमेदवारांची माणसं ते कागदावर टिपून घेतात. चाळीच्या यंत्रात समोरच्या उमेदवाराला एकेचाळीस मतं निघाली. आणि यांचा उमेदवार संपूर्ण वॉर्डात पन्नासपेक्षा कमी मतांनी पडला. म्हणजे ती एकेचाळीस इकडची तिकडे गेली नसती, तर तो आरामात निवडून आला असता. त्याच संध्याकाळी कुणीतरी चाळीच्या फळ्यावर खडूने भला मोठा "४१" काढून ठेवला होता.

"साहेब, नारळावर हात ठेवून फसवलं," सेक्रेटरी म्हणाले. "हा विश्वासघात नाही का?"

मी पेन टोपणात घातलं. त्यांना शांतपणे समजावलं की मत गुप्त असतं. ते कुणाला दिलं हे विचारण्याचा अधिकार मला नाही, तुम्हाला नाही, कलेक्टरलाही नाही. उलट देवाचा कोप होईल अशी भीती घालून मत वळवणं हाच निवडणुकीतला गुन्हा आहे. म्हणजे तुम्ही तक्रार द्यायला आलात आणि कबुलीजबाब देऊन बसलात. तो नारळ मी जप्त करू का?

"तो फोडून प्रसाद वाटला," मागचा एक सभासद म्हणाला.

मी त्यांना वाटेला लावलं. वाटलं, विषय संपला. कसला संपतोय! पुढचे चार दिवस त्या चाळीतली माणसं एकेक करून ठाण्याच्या पायऱ्या चढत होती. एकाने शेजाऱ्याचं नाव दिलं, कारण निकालाच्या दिवशी शेजाऱ्याने जिलब्या आणल्या होत्या. दुसऱ्याने स्वतःच्या मेहुण्याचं नाव दिलं. एक बाई नुसती एवढंच सांगायला आली की आमच्या घरचं मत बरोबरच गेलंय, तशी नोंद करून घ्या. ठाणे अंमलदाराने विचारलं, "कसली नोंद?" तर म्हणते, "स्टेशन डायरीत लिहा ना, म्हणजे चाळीत दाखवता येईल."

प्रत्येकाला मी तेच सांगत होतो. मत गुप्त असतं, घरी जा. पाचव्या दिवशी मला त्या वाक्याचाच वीट आला. शेवटी ते मोठ्या अक्षरांत छापून घेतलं आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे भिंतीवर चिकटवलं. लोक त्याच्याखाली उभे राहून मला स्वतःचं मत सांगायचे.

मग त्या बाई आल्या.

सकाळचे अकरा वाजले असतील. पासष्टीच्या आसपास वय, सुती साडी, हातात औषधांची पिशवी. परळच्या एका सरकारी रुग्णालयात आयाबाई म्हणून तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा गिरणी कामगार होता, आता अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. मुलगी लग्न होऊन भायखळ्याला. चाळीतलं हे एकच बौद्ध घर, तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला.

"साहेब, माझ्याकडे आठ दिवस पाणी नाही," त्या म्हणाल्या. "कमिटी म्हणते पाइप फुटलाय. पण फुटलेल्या पाइपातून कुठेतरी पाणी गळायला पाहिजे ना? कुठेच गळत नाही."

टोकाच्या चार खोल्यांना एक वेगळी लाइन होती. त्यातल्या दोन खोल्या बंद, एका खोलीतलं कुटुंब समोरच्या नातेवाइकांकडून पाणी भरायचं. राहिल्या या बाई. खालच्या चौकातल्या नळावरून त्या रोज बारा-चौदा हंडे तीन जिने चढवत होत्या. अंथरुणावरच्या माणसाला किती पाणी लागतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

"कुणावर संशय?"

"संशय कशाला? सगळ्यांना ठाऊक आहे." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "त्या नारळाला मी हात लावला नव्हता. मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, आमच्यात हे करत नाहीत, आणि मत मी कुणाला आधी सांगत नाही. चाळीचं काम व्हावं असं मलाही वाटतं, मीही तिथंच राहते. पण नारळ नाही. आता एकेचाळीस मतं फुटली, तर हात न लावणारी मी एकटीच. मग काय, मीच."

मला हसावं की रडावं कळेना. बाईंच्या घरात मतं दोन. नवरा अंथरुणावर, तो मतदानाला गेलाच नव्हता. उरलं एक. एकाची एकेचाळीस झाली कशी?

आणि मग मी जे बोललो, ते मी आजवर घरीही कधी सांगितलेलं नाही. मी वैतागलेला होतो, टेबलावर दोन आठवड्यांचे कागद तुंबले होते. मी म्हणालो, "बाई, एक सांगू? त्या अध्यक्षाला सांगून टाका की मत तुमच्याच माणसाला दिलं. खरंखोटं कोण बघायला येतंय? पाणी सुरू होईल, तुमचे हाल थांबतील."

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. भिंतीवरच्या माझ्या कागदाकडे बघितलं. "साहेब, तुम्हीच हे लावलंय ना?"

मी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

"अध्यक्षांनी मला तेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणाले, देवळासमोर येऊन एकदा चार लोकांत बोला, लगेच लाइन चालू करतो. मी नाही बोलले. आमच्या घरात भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, त्यांनी हा हक्क माझ्या सासूला दिला. सासू निरक्षर होती. पण मत कुणाला दिलं ते तिनं सासऱ्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. आता मी हंड्यासाठी सांगू? आज पाण्यासाठी सांगितलं तर उद्या लाइटसाठी सांगावं लागेल. मग ते मत माझं राहिलं कुठे?"

मला लाज वाटली. मी स्वतः त्यांचा जबाब लिहून घेतला.

त्या दुपारीच आमच्या ठाण्यातल्या एका महिला हवालदाराला चाळीत पाठवलं. ती याच भागात वाढलेली, चाळीची भाषा जाणणारी. तासाभराने परत आली ती चिडूनच. "सर, कमिटी म्हणते पाइप गंजलाय, प्लंबर गावाला गेलाय. कुठल्या गावाला विचारलं तर तिघांनी तीन गावं सांगितली."

"बाकी लोक काय म्हणतात?"

"सगळे म्हणतात, बिचारीचे हाल होतात. आणि मग म्हणतात, पण तिनं तसं करायला नको होतं."

जात कुणी तोंडाने काढली नव्हती. चाळीतली माणसं त्याबाबतीत फार सांभाळून बोलत होती. पण "त्या लोकांचं कसं असतं, तुम्हाला माहीतच आहे," असं मला त्या आठवड्यात निदान चार जणांनी सांगितलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं, आणि मला काय माहीत असायला हवं ते त्यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. कुणा एका बाईचा आवाज, दबका. ठाणे अंमलदाराने शब्द न शब्द लिहून घेतला: "गच्चीवर दुसऱ्या टाकीच्या मागे बघा. पाइप फुटलेला नाही. कुलूप आहे." फोन बंद. तो आवाज कुणाचा होता ते मला नंतर कळलं. ते मी इथेही लिहिणार नाही.

दोन पंच घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. टाकीमागे तिसऱ्या मजल्याच्या टोकाच्या लाइनचा व्हॉल्व्ह होता. तो पूर्ण आवळलेला, त्याच्या चाकातून साखळी काढून पाइपाला बांधलेली, आणि साखळीला नवंकोरं पितळी कुलूप. पंचनामा केला, फोटो घेतले. कुलूप फोडायला माणूस बोलावता आला असता, पण मला किल्ली हवी होती. किल्ली ज्याच्या खिशातून निघेल, तो माझा आरोपी. पाणीपुरवठ्याला मुद्दाम अटकाव करणं हा दखलपात्र गुन्हा आहे. फसवणुकीची तक्रार घेऊन आलेली पाच माणसं मी दुपारी दोन वाजता ठाण्यात बोलावली. बाईंच्या घरी तोवर आमच्या त्या महिला हवालदाराने दोन शिपायांकरवी आठ हंडे पाणी पोचवलं होतं.

चौकशीचा माझा एक साधा नियम होता. पाच जण असतील तर पाच खोल्या नसल्या तरी चालतं, पण पाच वेळा विचारायचं. बाकीच्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि पहिल्यांदा सेक्रेटरींना आत घेतलं, कारण हिशोबी माणूस लवकर घाबरतो.

"गच्चीवर कुलूप कुणी लावलं?" मी विचारलं.

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "साहेब, तुम्हाला सगळं कळलंय म्हणूनच बोलावलंत ना?"

"काय कळलंय?"

"आमच्या घरची सात."

मी हात वर केला. "मी कुलपाचं विचारतोय. मताचं सांगू नका. मला ऐकायचं नाही."

पण ते थांबेनात. इतक्या दिवसांची कोंडलेली वाफ होती ती. "साहेब, समजून घ्या. समोरचा निवडून येणार अशी हवा होती. आला असता, म्हणजे आलाच. आणि आपल्या यंत्रात त्याच्या नावापुढे शून्य दिसलं असतं, तर पाच वर्षं आपल्या चाळीचा साधा दिवा कुणी बदलला नसता. थोडी तरी दिसायला हवीत ना? म्हटलं, बाकी सगळे शब्दाला जागतायत. आपल्या घरातली सात गेली तर बिघडलं कुठे? कोणाला सांगू नका."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना दुसऱ्या खोलीत बसवलं आणि पुढच्याला बोलावलं.

पुढच्याने कुलपाबद्दल हात वर केले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "साहेब, एक सांगतो, आपल्या दोघांत." त्याच्या घरातली नऊ. त्यातले चार डोंबिवलीला राहायला गेलेले भाऊ-भावजया, ज्यांची नावं अजून चाळीच्या यादीत होती आणि जे मतदानाला खास आले होते. तिसऱ्याची सहा. चौथ्याची आठ. प्रत्येकाची कहाणी थोड्याफार फरकाने एकच होती. शून्य दिसू नये, दोन्हीकडे तोंड दाखवायला जागा असावी, आणि बाकी सगळे शब्द पाळतायतच. मी प्रत्येकाला सांगत होतो, बोलू नका, मला ते नको आहे. प्रत्येक जण बोलत होता. गुन्हेगाराकडून एक शब्द काढायला मी आयुष्यात रात्री घालवल्या होत्या, आणि इथे नको असलेली कबुली मला कोंबून भरवत होते.

शेवटी अध्यक्ष आत आले. तोवर मी एका कोऱ्या कागदावर चार आकडे नकळत मांडले होते. सात, नऊ, सहा, आठ. तीस.

"कुलूप," मी म्हणालो. "फक्त कुलूप."

अध्यक्षांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "साहेब, आता तुमच्यापासून काय लपवायचा? आमच्या घरातली अकरा तिकडे गेली."

अकरा आणि तीस. एकेचाळीस. मी पेन खाली ठेवलं.

"नारळ तुम्हीच ठेवला होता ना पाटावर?"

"होय तर." ते जरा दुखावले गेले. "पण देवाक मी फसवूक नाय. आदल्या दिवशीच गाऱ्हाणा घातलंय. म्हटलंय, बा देवा महाराजा, चाळीच्या भल्यासाठी करतंय, पदरात घे."

नोकरीत मी अनेक आरोपी पाहिले, गुन्हा करून देवळात जाणारे. आगाऊ माफी मागून, नंतर दीडशे घरांना त्याच देवासमोर शपथ घालणारा मी एवढा एकच पाहिला. आणि वाईट म्हणजे माणूस मनाने दुष्ट नव्हता. चाळीत कुणाच्या घरी मयत झालं की सगळ्यात आधी हाच पोचायचा, हे मला पुढे कळलं.

"मग त्या बाईंचं पाणी का तोडलंत?" मी ओरडलोच. "मतं तुमचीच फुटली होती हे तुम्हाला ठाऊक होतं!"

"अकरा माझी," अध्यक्ष म्हणाले, आणि अगदी समजावणीच्या सुरात पुढे म्हणाले, "पण साहेब, तीस उरतात. ती तरी तिचीच ना? तिनं माणसं फिरवली."

मी पाचही जणांना आत घेतलं आणि माझ्या टेबलासमोर ओळीने उभं केलं.

"हे बघा," मी म्हणालो. "तुम्ही आलात तेव्हा तुमची मागणी होती की एकेचाळीस जण शोधून द्या. ठीक आहे. आता आपण शोधू. इथेच, सगळ्यांसमोर. सेक्रेटरीसाहेब, तुमच्यापासून सुरुवात करू. तुमच्या घरातली मतं कुणाला गेली ते या चौघांसमोर मोठ्याने सांगा."

सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला. बाकीच्या चौघांचाही. प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच बिंग फुटणार, आणि शेजारी उभा असलेला चोख आहे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेवटी अध्यक्षांनी घसा खाकरला. त्यांची नजर दाराबाहेर, ठाणे अंमलदाराच्या टेबलामागच्या भिंतीवर गेली.

"साहेब," ते म्हणाले, "मत गुप्त असतं ना?"

"असतं?" मी विचारलं.

"असतं," पाचही जण म्हणाले.

"त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं?"

मी वाट बघितली. घाई करायला मला काहीच कारण नव्हतं. मग अध्यक्षांनी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक छोटी पितळी किल्ली टेबलावर ठेवली. कुलूप त्यांनी लावलं होतं, बाकी चौघांना माहीत होतं. तसे जबाब झाले, आणि त्या जबाबांत मतांबद्दल एक अक्षरही मी लिहू दिलं नाही. आकडे मांडलेला कागद फाडला. संध्याकाळी पाचच्या आत पंचांसमोर व्हॉल्व्ह उघडला. खालून तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून सांगितलं, "आलं, आलं!"

गुन्हा नोंदवला, अटक दाखवली, जामीन झाला. पुढे कोर्टात समेट झाला, आणि बाईंनी अट घातली ती एकच. फळ्यावरचा तो "४१" अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने पुसायचा. त्यांनी पुसला. मी समोर उभा होतो.

इथे प्रकरण संपलं असं कागद सांगतात. पण मला चैन पडेना. पाणी आलं होतं, फळा पुसला होता, तरी चाळीतल्या दीडशे घरांच्या मनात अजून बाईच होत्या. आमची हवालदार म्हणाली, "सर, जिन्यावर अजून बायका त्यांना बघून गप्प होतात." आणि खरे एकेचाळीस कोण होते, हे अख्ख्या मुंबईत एकट्या मला ठाऊक होतं. त्या पाचांनाही ते पूर्ण ठाऊक नव्हतं. आपापल्या आकड्यापलीकडे प्रत्येक जण अजूनही बाईंवरच बोट ठेवत असणार.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेलो. गणवेशात नाही, साध्या कपड्यात, संध्याकाळी. खोली लहान, पण लखलखीत. खाटेवर नवरा टेकून बसलेला, त्याच्यासमोर रेडिओ. भिंतीवर तो फोटो, त्याला ताजा हार.

मी सरळच बोललो. "बाई, मी न विचारताच मला कळलंय की ती एकेचाळीस मतं कुणाची. तुम्ही म्हणालात तर मी चाळीच्या मीटिंगमध्ये येतो आणि उभं राहून सांगतो. तुमच्यावरचा डाग जाईल. माझी निवृत्ती तोंडावर आलीय, माझं कुणी काही वाकडं करणार नाही."

त्या नवऱ्याच्या पाठीमागची उशी नीट करत होत्या. ते काम पूर्ण करून माझ्याकडे वळल्या. माझ्यासारख्या माणसाला वाटतं की अशा वेळी समोरचा माणूस हरखून जाईल. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"नको, साहेब."

"का? लोक अजून तुम्हालाच नावं ठेवतात."

"ठेवू देत. मी सगळ्यांना सांगत फिरले, माझ्या मताचं विचारू नका. आता त्यांच्या मताचं मी कशी विचारू? ते जे कोण असतील, त्यांचं मतही त्यांचंच."

खाटेवरून नवरा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. त्याचं बोलणं मला कळलं नाही. त्यांना कळलं, त्या हसल्या.

आता माझी चूक सांगतो. तुम्हाला वाटेल की एवढं सगळं झाल्यावर हा माणूस शहाणा झाला असेल. मी निघायला उठलो, दारापर्यंत गेलो, आणि वळून विचारलं, "बाई, आता विषय संपलाच आहे. उगाच आपलं कुतूहल म्हणून विचारतो. तुम्ही मत दिलंत तरी कुणाला?"

दोन आठवडे अख्ख्या चाळीवर डाफरणारा, भिंतीवर कागद चिकटवणारा मी. एका वाक्यात त्या पाचांच्या ओळीत जाऊन सहावा उभा राहिलो होतो. शब्द तोंडातून बाहेर पडताच मला ते कळलं, पण शब्द परत घेता येत नाहीत.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"बसा, साहेब," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

मोरीतला नळ सोडून त्यांनी पातेलं भरलं. पाणी चांगलं जोरात येत होतं. त्यांनी आलं ठेचलं, साखर विचारली, मुलीचं कसं चाललंय ते सांगितलं. मी चहा प्यायलो, कप ठेवला आणि निघालो. माझ्या प्रश्नाचा विषय पुन्हा निघाला नाही. त्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही, आणि ते मिळालं नाही याचं आता मला बरं वाटतं.

माणसांना बोलतं करणं हा माझा धंदा होता. कोण काय लपवतो ते काढून घेण्याबद्दल मला बक्षिसं मिळाली, शाबासक्या मिळाल्या. लपवलेलं काही लपलेलंच राहू द्यावं, आणि ते राहू देण्यासाठी एखाद्या माणसाने तीन जिने हंडे चढवावेत, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा समजलं. लोकांचं मत काय, हवा कुणाची, कोण कुणाचा, हे सांगणारे आता दर कोपऱ्यावर भेटतात. मला त्यांचा फार वैताग येतो. त्या पाचांना तर स्वतःच्या शेजाऱ्याचं मत कळलं नव्हतं, आणि त्यांनी आयुष्य एका जिन्यात काढलं होतं.

निवृत्तीनंतर मी दादरला राहतो. मतदानाच्या दिवशी सोसायटीच्या फाटकात मंडळी शाईची बोटं दाखवत उभी असतात. पोलीसवाला म्हणजे आतली खबर असणार, असं त्यांना वाटतं. कुणीतरी हमखास विचारतं, "काय साहेब, यंदा कुणाला?"

मी त्यांना वर घेऊन येतो. म्हणतो, "बसा. चहा घेऊन जा."